स्वेच्छेची किंमत

औषध कंपनीच्या फाटकावर कामगारकपातीची नोटीस डकवली आहे, असे दृश्य ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा वाळूजला फारसे कुणी पाहिले नसेल. सूचनाफलकावर लागते ते वेगळेच पत्रक. मथळा 'ऐच्छिक सेवानिवृत्ती योजना'. खाली अटी: वय ४० पूर्ण किंवा नोकरीची १० वर्षे भरलेली, अर्जाची शेवटची तारीख अमुक, आणि अर्ज स्वीकारायचा की नाही हे व्यवस्थापन ठरवणार. मग चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो, "तुझे किती बसतात?"

त्याच कंपनीच्या एमआरला, म्हणजे औषध प्रतिनिधीला, असे पत्रकही मिळत नाही. त्याला 'रिव्ह्यू मीटिंग'साठी बोलावले जाते. सहा महिन्यांची टार्गेटे आणि रोजचे डीसीआर, म्हणजे डॉक्टर-भेटींचे अहवाल, समोर ठेवले जातात आणि शेवटी सांगितले जाते की पेपर टाकलेस तर फुल अँड फायनल लवकर होईल, एक्सपीरियन्स लेटरही चांगले मिळेल. प्रतिनिधींच्या संघटना वर्षानुवर्षे हीच तक्रार करत आल्या आहेत.

पत्रक वेगळे, मीटिंग वेगळी, पण कागदोपत्री परिणाम सारखाच: कंपनीने कुणालाही काढलेले नाही. जो गेला तो स्वतःच्या मर्जीने गेला. मर्जीवर एवढा भर का, याचे उत्तर कामगार कायद्यात आहे. आणि त्या मर्जीचा दर कारखान्यातल्या कामगाराला एक, एमआरला दुसरा आणि कंत्राटी माणसाला शून्य का पडतो, त्याचेही.

परवानगी नावाचा अडसर

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. कामगारकपातीचे नियम त्यात १९५३ साली आले. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यायचा आणि सरकारला कळवायचे. शेवटी लागलेला आधी जाईल. पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी विचारायचे. कलम २५एफ, २५जी आणि २५एच ती हीच.

आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, कायद्याला 'पाच-ब' हे प्रकरण जोडले गेले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपात करायची वा कारखानाच बंद करायचा, तर आधी सरकारची परवानगी घेणे सक्तीचे झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली आणि १९८४ पासून ती लागू झाली. मालकांनी या तरतुदींना न्यायालयात आव्हान दिले. १९९२ मध्ये मीनाक्षी मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कपातीच्या परवानगीची अट घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला.

परवानगी मिळत नाही असे नाही. अर्जावर सरकार ६० दिवस गप्प राहिले, तर ती मिळाली असेच कायदा मानतो. पण अर्ज करायचा म्हणजे कारणे लेखी द्यायची, हिशेब उघडे करायचे, युनियनचे म्हणणे सरकारसमोर येऊ द्यायचे. कोणत्याही पक्षाच्या कामगारमंत्र्याला निवडणुकीच्या तोंडावर अशा फाइलवर सही करणे अवघडच.

'कामगारकपात' या संज्ञेची व्याप्ती न्यायालयांनी फार मोठी केली आहे. पंजाब लँड डेव्हलपमेंटच्या खटल्यात १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की शिस्तभंगाची शिक्षा सोडून कोणत्याही कारणाने नोकरी संपवली तर ती कपातच. मात्र कायद्याने स्वतःच काही अपवाद ठेवले आहेत: वयोमानानुसार निवृत्ती, मुदतीचा करार संपणे, दीर्घ आजार, आणि कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती. शेवटच्या अपवादात बसले की परवानगी नको, नोटीस नको, ज्येष्ठतेची यादी नको आणि पुढच्या भरतीत आधी विचारण्याची जबाबदारीही नको. कामगाराची एक सही एवढ्या सगळ्या गोष्टी एका फटक्यात मिटवते.

तीन लाख आणि अठरा लाख

कॅन्टीनमधल्या त्या हिशेबाचे उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ३०,००० रुपये, नोकरी २० वर्षे. कायद्यानुसार कपात झाली तर वर्षाला १५ दिवस या दराने भरपाई ढोबळमानाने तीन लाख. ऐच्छिक निवृत्तीच्या योजना आखताना आयकराच्या २बीए या नियमातले सूत्र समोर ठेवण्याची पद्धत पडली: नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे तीन महिन्यांचा पगार, किंवा निवृत्तीला उरलेले महिने गुणिले पगार. यातल्या मर्यादा पाळल्या तर मिळालेल्या रकमेपैकी पाच लाखांपर्यंत करसवलत मिळे. वय ४० किंवा नोकरी १० वर्षे ही पत्रकातली अटही त्याच नियमातून आलेली. तीन महिन्यांच्या सूत्राने वीस वर्षांचे १८ लाख होतात.

तीनच्या जागी अठरा. हा फरक पाहून बाहेरचा माणूस म्हणतो, कंपनी उदार आहे. पण वरचे १५ लाख ही उदारता नव्हे. सरकारदरबारी परवानगी मागावी लागू नये, युनियनशी भांडण कोर्टात जाऊ नये आणि कारखान्याची जागा मोकळी व्हावी, यासाठी कंपनीने मोजलेली ती किंमत आहे. परवानगीची अट जितकी कडक, तितका स्वेच्छेला भाव जास्त. अट सैल झाली की भाव उतरतो. मुंबईतल्या जुन्या युनियन नेत्यांना हे अर्थशास्त्र चांगले उमगले होते. योजनेला विरोध करतानाही त्यांची बोलणी मुख्यतः आकड्यावर व्हायची.

हे आकडे हातात ठेवूनच औषध उद्योगाचे स्थलांतर पाहावे लागते. एके काळी वरळी, मुलुंड, ठाणे, तुर्भे ही देशाच्या औषधनिर्मितीची ठळक ठिकाणे होती. ग्लॅक्सो, फायझर, होक्स्ट, रोश अशा परदेशी कंपन्यांचे कारखाने इथेच उभे राहिले. मग जानेवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडासाठी औद्योगिक सवलती जाहीर केल्या. नव्या कारखान्याला दहा वर्षे उत्पादनशुल्क माफ, पहिली पाच वर्षे आयकर माफ. सोलन जिल्ह्यातल्या बद्दीत औषध कारखान्यांची रांग लागली. दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाचे औषध बनवून घेण्याची 'लोन लायसन्स' आणि 'थर्ड पार्टी' पद्धत होतीच. ठाण्याच्या कायम कामगाराने बनवलेली गोळी आणि बद्दीतल्या कंत्राटदाराने बनवलेली गोळी एकाच वेष्टनात विकता येऊ लागली.

दुसऱ्या बाजूने मुंबई-ठाण्यात जमिनीचे भाव असे चढले की काही ठिकाणी उत्पादनापेक्षा जमीनच मोलाची झाली. ठाण्यातली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची सुमारे ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ५५५ कोटी रुपयांना घेतली. जमिनीला एवढा भाव असताना कामगाराला द्यायचे अठरा लाख कंपनीच्या हिशेबात जड पडत नाहीत.

पिंपरीत सरकार मालक असताना

मालक सरकार असले की चित्र बदलते का? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सकडे पाहावे. 'एचए' या नावाने पुणेकरांना ठाऊक असलेली ही कंपनी १९५४ ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना, पेनिसिलिन स्वस्त व्हावे म्हणून काढलेला. पिंपरीची औद्योगिक नगरी पुढे वाढली ती याच्या आसपास. इथल्या प्रयोगशाळेने हॅमायसिनसारखे बुरशीविरोधी औषध शोधले.

उदारीकरणानंतर बाहेरून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिनपुढे या कारखान्याचे गणित बसेना. खेळते भांडवल आटले आणि पगार थकू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की इंडियन ड्रग्ज आणि राजस्थान ड्रग्ज या कंपन्या बंद करायच्या, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि बंगाल केमिकल्सची धोरणात्मक विक्री करायची आणि देणी भागवण्यासाठी जादा जमीन विकायची. जमीन वेळेत विकली गेली नाही. शेवटी जुलै २०१९ मध्ये इंडियन ड्रग्ज, राजस्थान ड्रग्ज आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या तिघींसाठी ३३०.३५ कोटी रुपयांचे कर्ज मंजूर झाले. त्यातले १५८.३५ कोटी थकलेल्या पगारांसाठी आणि १७२ कोटी ऐच्छिक निवृत्तीसाठी.

या दोन आकड्यांची शेजारशेजारची जागा बोलकी आहे. ज्याचा पगार थकला आहे, त्याच्यासमोर निवृत्तीचा अर्ज ठेवला तर त्याच्या मर्जीला किती जागा उरते? मुलांची फी आणि गृहकर्जाचा हप्ता अंगावर असताना हातात येणारी रक्कम हाच एक मुद्दा होतो. जबरदस्ती करायला कुणी हात धरावा लागत नाही.

फाटक तेच, मालक तिसरा

खासगी क्षेत्रात आणखी एक गुंता येतो. चेन्नईच्या ऑर्किड केमिकल्सचा इंजेक्शनांचा कारखाना इरुंगाट्टुकोट्टईत होता. २०१० मध्ये अमेरिकेच्या हॉस्पिराने तो ४० कोटी डॉलरना घेतला. ऑर्किडचा औरंगाबादचा बल्क ड्रगचा कारखानाही नंतर हॉस्पिराकडे आला. २०१५ मध्ये हॉस्पिराच फायझरने सुमारे १७ अब्ज डॉलरना विकत घेतली. जानेवारी २०१९ मध्ये फायझरने जाहीर केले की औषधांची मागणी दीर्घकाळासाठी घटल्यामुळे हे दोन्ही कारखाने बंद करत आहोत. सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांवर त्याचा परिणाम होणार होता.

न्यूयॉर्कच्या हिशेबात ही एका मोठ्या खरेदीनंतरची आवराआवर. औरंगाबादच्या कामगारासाठी मात्र नऊ-दहा वर्षांच्या आत पाटीवरचे नाव दोनदा बदलले होते. कारखाना एका कंपनीकडून दुसरीकडे गेला की १९४७ च्या कायद्याचे कलम २५एफएफ लागू होई: जुनी सेवा धरली जावी, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसाव्यात, नाहीतर भरपाई द्यावी. पण मालकी कंपनीच परदेशात विकली गेली तर भारतातली कागदावरची नियोक्ता कंपनी तीच राहते आणि ते कलम जागेच होत नसे. निर्णय घेणारे बदलतात, ज्यांच्याशी बोलायचे ते स्थानिक व्यवस्थापक तेच राहतात, आणि त्यांच्या हाती फारसे काही नसते.

औषध उद्योगात अशा विलीनीकरणांची मालिकाच लागली आहे. १९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ मिळून नोव्हार्टिस झाली. फायझरने २००० मध्ये वॉर्नर-लॅम्बर्ट, २००३ मध्ये फार्मासिया आणि २००९ मध्ये वायथ घेतली. सन फार्माने रॅनबॅक्सी आपल्यात मिळवली. प्रत्येक वेळी दोन विक्रीफळ्या एक होतात आणि एकाच शहरात, एकाच एचक्यूला, म्हणजे नेमून दिलेल्या मुख्यालयाला, तेच डॉक्टर भेटणारे दोन एमआर समोरासमोर येतात. २०२२ मध्ये तर विलीनीकरणाचीही गरज पडली नाही. नोव्हार्टिस इंडियाने व्होव्हेरानसारख्या प्रसिद्ध औषधांची विक्री आणि वितरण डॉ. रेड्डीजकडे करारान्वये सोपवले, आणि विक्री विभागातल्या सुमारे ४०० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आल्याच्या बातम्या आल्या.

बॅग हातात, कायदा दूर

एमआरची कहाणी भारतीय कामगार कायद्यातले एक विलक्षण प्रकरण आहे. तो कारखान्यात नसतो, हजेरीपत्रकावर सही करत नाही, यंत्र चालवत नाही. मोटारसायकलवर बॅग अडकवून ओपीडी संपायची वाट बघणे, डॉक्टरांना दोन मिनिटांत औषध समजावणे, केमिस्टकडे आणि स्टॉकिस्टकडे माल पोचला का ते पाहणे, रात्री रिपोर्ट भरणे, हे त्याचे काम. मग तो 'कामगार' आहे का?

मे अँड बेकरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच नकारार्थी उत्तर दिले होते. १९६३ मध्ये प्रतिनिधींचा अखिल भारतीय महासंघ, एफएमआरएआय, स्थापन झाला. त्याच्या मागणीतून १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला. नेमणूकपत्र, रजा यांचे नियम त्यात होतेच, शिवाय औद्योगिक विवाद कायद्याचा लाभही या कर्मचाऱ्यांना दिला गेला. मात्र सुरुवातीला मेख होती: पगार महिना ७५० रुपयांपर्यंत असलेल्यांनाच. ही मर्यादा १९८७ मध्ये उठली.

महाराष्ट्रात प्रश्न आणखी वेगळा होता. या राज्याचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा देशात आगळा. सूडबुद्धीने काढले, दूर कुठेतरी बदली केली, समझोता मोडला, तर कामगार ९० दिवसांत थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकते. नोकरी जाण्याआधीच ती थांबवता येईल अशी ही सोय. एमआरनीही हा मार्ग धरला, आणि कंपन्यांनी हरकत घेतली की हे कामगारच नाहीत.

'एच. आर. अद्यंथाय विरुद्ध सँडोझ' या खटल्यात ऑगस्ट १९९४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. तो लिहिला न्या. पी. बी. सावंत यांनी. कामगार ठरायचे तर काम कायद्यात सांगितलेल्या प्रकारांपैकी हवे: अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, कार्यचालनाचे, लेखनिकाचे किंवा देखरेखीचे. डॉक्टरांचे मन वळवणे यांत बसत नाही. म्हणून एमआर त्या व्याख्येतला कामगार नाही आणि राज्याच्या कायद्याखालची त्याची तक्रार टिकत नाही. १९७६ च्या कायद्याने दिलेला औद्योगिक विवादाचा लांबचा मार्ग तेवढा उरला: आधी कामगार आयुक्तांकडे समेटाची बोलणी, मग सरकारने संदर्भ पाठवायचा, मग खटला. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने आपल्या कायद्यातली व्याख्या दुरुस्त करून विक्री संवर्धन कर्मचाऱ्याला तिच्यात घेतले.

तरीही एक भोक राहिलेच. परवानगीची अट ज्या 'औद्योगिक आस्थापने'ला लागू होते, तिची व्याख्या कारखाना, खाण आणि मळा एवढीच आहे. कंपनीचे तीन हजार प्रतिनिधी देशभर फिरत असले तरी त्यांची फळी म्हणजे कारखाना नव्हे. म्हणजे ज्या मार्च १९७६ मध्ये कारखान्याला परवानगीचे कवच मिळाले, त्याच महिन्यात लागू झालेल्या प्रतिनिधींच्या कायद्यात ते नव्हते. परवानगीच नको तर ती टाळण्याची किंमत कोण मोजणार? एमआरच्या टेबलावर अठरा लाखांचा कागद का येत नाही, याचे कारण हे.

त्यात पदनामांची भर पडते. 'टेरिटरी मॅनेजर', 'बिझनेस एक्झिक्युटिव्ह' अशी कार्डे छापली की हाताखाली एकही माणूस नसलेला प्रतिनिधी कागदावर व्यवस्थापक होतो. न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात हा नियम जुना आहे, पण तो सांगायला न्यायालयापर्यंत जावे लागते.

कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची स्थिती याहून नाजूक. सिप्लाच्या कारखान्यातल्या सफाई कामगारांच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आम्ही खरे कंपनीचेच, कंत्राटदार नावापुरता, हा दावा कंपनी नाकारत असेल तर महाराष्ट्राच्या त्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी नाते दुसरीकडे सिद्ध करा. पॅकिंगच्या पट्ट्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या माणसाचे कंत्राट संपते तेव्हा त्याच्यासाठी कुणी पत्रकही काढत नाही.

सहीला मुदत

अमेरिकेत परवानगी मागावी लागत नाही. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमधल्या ज्या संशोधन केंद्रात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सापडले, जे 'लिपिटॉर' नावाने जगातले सर्वाधिक खपाचे औषध झाले, ते केंद्र बंद करत असल्याचे फायझरने जानेवारी २००७ मध्ये सांगितले. सुमारे २,१०० नोकऱ्या गेल्या. शोधाच्या कर्तबगारीने कुणाची नोकरी वाचली नाही. पुढे मिशिगन विद्यापीठाने ती जागा घेतली. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविचला, जिथे व्हायग्रा शोधली गेली, फेब्रुवारी २०११ मध्ये २,४०० जणांच्या बाबतीत तेच झाले.

पण त्या देशांच्या कायद्यांनी दुसरीकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेत शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला सामूहिक कपातीची ६० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. ब्रिटनमध्ये शंभर किंवा अधिक नोकऱ्या जाणार असतील तर कामगार प्रतिनिधींशी आधी चर्चा करणे सक्तीचे असते. ती मुदत २०११ मध्ये ९० दिवस होती, २०१३ पासून ४५ झाली.

सगळ्यात लक्षणीय तरतूद अमेरिकेच्या १९९० च्या एका कायद्यात आहे. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून 'यापुढे वयावरून भेदभाव झाल्याचा दावा करणार नाही' असे लिहून घ्यायचे असेल, तर सामूहिक कपातीत त्याला विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, सही केल्यावरही ती मागे घ्यायला सात दिवस, आणि कोणत्या पदांवरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना निवडले आणि कुणाला ठेवले याची यादी. वकिलाचा सल्ला घे, असेही लेखी सांगावे लागते. यातले काही चुकले तर सही निरुपयोगी. एवढ्या सोयी बहाल करून तो कायदा मान्य करतो की नोकरी जात असलेल्या माणसाची सही ही साधी सही नसते.

भारतीय कायद्यात परवानगीचे प्रकरण मोठे असले तरी सहीसाठी अशी मुदत नाही. जे आहे ते न्यायालयांनी दिलेले. २००० साली बँकांनी आणलेल्या ऐच्छिक निवृत्ती योजनांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अर्ज हा प्रस्ताव असतो, तो मंजूर होण्याआधी मागे घेता येतो. ज्यांनी योजनेचे पैसे उचलले त्यांना मात्र ही मुभा मिळाली नाही. २००३ मध्ये ए. के. बिंदल यांच्या खटल्यात, सरकारी खत कंपन्यांच्या बाबतीत, न्यायालय आणखी स्पष्ट बोलले: पैसे घेऊन स्वेच्छेने गेलेल्याचे नाते संपले. जुन्या पगारवाढीचे दावेही त्याने मागे सोडले. दबावाखाली घेतलेला राजीनामा १८७२ च्या करार कायद्याने रद्द करून घेता येतो, पण दबाव होता हे सिद्ध करायचे काम राजीनामा देणाऱ्याचे. म्हणून संघटनांचे जाणते कार्यकर्ते एकच सांगतात: मीटिंगमधून बाहेर पडल्याबरोबर, त्याच दिवशी, काय घडले ते ईमेलने किंवा रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला आणि कामगार आयुक्तांना कळवा. तीन महिन्यांनी आठवलेला दबाव न्यायालयाला पटत नाही.

गेल्यानंतर हाती काय

काही हक्क सहीने जात नाहीत. पाच वर्षे सेवा झालेल्याला दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराचे उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, राजीनामा दिला तरी मिळते. तिची कमाल मर्यादा २०१८ पासून २० लाख रुपये. हिशेब करताना महिन्याचे २६ दिवस धरतात. आपल्या तीस हजारांच्या कामगाराला वीस वर्षांचे सुमारे ३ लाख ४६ हजार. ऐच्छिक निवृत्तीच्या रकमेत ग्रॅच्युइटी मिसळून एकच मोठा आकडा दाखवणारी पत्रके निघतात. ती वाचताना हे आधी वजा करावे, कारण ते पैसे तसेही त्याचेच होते. भविष्य निर्वाह निधी, शिल्लक अर्जित रजेचा पगार, लागू असेल तर बोनस यांचेही तसेच.

काही हक्क मात्र सहीबरोबर जातात, आणि त्यांची आठवण उशिरा होते. राज्य कामगार विमा योजनेत २००५ पासून बेरोजगारी भत्त्याची सोय आहे. पण ती कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीत नोकरी गेलेल्या विमाधारकाला. २०१८ मध्ये आलेल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतही ऐच्छिक निवृत्ती घेतलेल्याला जागा नाही. कंत्राटी असोत वा कायम, कमी पगाराच्या कामगारांसाठीच ही विमा योजना असते आणि त्यांच्याच राजीनाम्यावर 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द सहज लिहून घेतले जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वरच्या सगळ्या गणितातले आकडे हलले. वेतन संहितेनुसार नोकरी कशीही संपो, राजीनाम्याने वा कपातीने, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. महिनोन्महिने लोंबकळणारे फुल अँड फायनल पाहिलेल्यांना हा बदल मोठा वाटेल. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळेल, पण मुदत संपल्यावर कपातीची भरपाई नाही. कपात झालेल्याच्या खात्यात, भरपाईखेरीज, मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी भरायची आहे. इथेही 'कपात झालेला' असणे ही पूर्वअट. काढून टाकल्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली.

परवानगीची मर्यादा शंभरावरून पुन्हा तीनशेवर गेली, जिथून १९७६ मध्ये तिची सुरुवात झाली होती. दीडशे-दोनशे कायम कामगारांचा औषध कारखाना आता सरकारला न विचारता, नोटीस आणि १५ दिवसांच्या दराने भरपाई देऊन कपात करू शकतो. अशा ठिकाणी मालकाला सहीची निकड उरत नाही, आणि निकड नसली की तीन महिन्यांच्या सूत्राचा आग्रह धरायला युनियनच्या हाती थोडेच उरते. पुढच्या काही वर्षांत पत्रकांवरचे आकडे किती उतरतात, ते पाहिले की या बदलाचे खरे मोजमाप होईल.

प्रतिनिधींच्या बाबतीत संहितेने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी नाव घेऊन आला, म्हणजे १९९४ मध्ये झालेला वाद केंद्रीय कायद्यात मिटला. पण ज्या १९७६ च्या कायद्याने त्यांना स्वतंत्र ओळख दिली तो रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत गेला, आणि म्हणून एफएमआरएआयने संहितांना विरोध चालवला आहे. परवानगीचे प्रकरण अजूनही कारखाना, खाण आणि मळा यांच्यापुरतेच आहे. महाराष्ट्रापुरता आणखी एक प्रश्न आहे: नव्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत राज्याचा १९७१ चा कायदा नाही, पण त्यातली कामगाराची व्याख्या आता रद्द झालेल्या १९४७ च्या कायद्याकडे बोट दाखवते. रद्द कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या कायद्याचा मानावा, हा सर्वसाधारण नियम इथे लावायचा की कंपन्यांच्या वकिलांना नवी हरकत मिळाली असे समजायचे, हे ठरायचे आहे. पुढच्या विलीनीकरणात पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या एचक्यूवरचा एमआर ९० दिवसांच्या आत तक्रार घेऊन कामगार न्यायालयात जाईल, तेव्हा कंपनीच्या लेखी उत्तरातला पहिला मुद्दा बहुधा हाच असेल.